कॅम्पातली थंडी

परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गल्लीच्या टोकाचा दिवा धुक्यात बुडालेला होता. हेंद्रेपाड्यात थंडी नदीकडून येते. आधी बाल्कनीतल्या तारेवरचे कपडे सकाळपर्यंत ओलसर राहायला लागतात, मग भाजीवालीच्या टोपलीत वालाच्या शेंगा दिसतात, मग एक दिवस कुणीतरी मोकळ्या प्लॉटवर पालापाचोळा पेटवतं आणि तो धूर खिडकीतून घरात येऊन बसतो. मुंबईची माणसं पंखा लावून झोपत असतात तेव्हा आम्ही बदलापूरकर कपाटाच्या वरच्या खणातून गोधड्या काढतो. दुधाची पिशवी हातात धरून मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. मला हल्ली थंडी म्हटलं की गेल्याच्या गेल्या वर्षीची थंडी आठवते, आणि त्या थंडीतले उल्हासनगरातले दोन दिवस. त्या दोन दिवसांना तळणीच्या तेलाचा, चिंचेच्या चटणीचा आणि कोऱ्या जीन्सच्या कापडाचा वास आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालायला लागला, हात मात्र पोटाशी दुमडून राहिला. आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, शब्द आतमध्ये आहेत, फक्त तोंडापर्यंत येत नाहीत. सत्तरीपर्यंत अखंड बोललेल्या माणसाकडे उरलं ते एवढंच: ‘हो ना’.

पाणी हवंय? हो ना. दुखतंय का? हो ना. मी तुमची कोण? हो ना. कधी ते ‘हो ना’ खुशीचं असायचं, कधी चिडलेलं, कधी इतकं थकलेलं की मी पुढचं विचारायचंच सोडून द्यायची. मान हलवायला सांगावं तर मानही गोंधळ घालायची. नाही म्हणायचं असलं तरी ती खाली-वरच हलायची, आणि ते लक्षात आल्यावर अण्णा डोळे मिटून घ्यायचे.

आमचे अण्णा किती बोलायचे ते सांगितलं पाहिजे. मूळचे ते बारवी धरणाकडच्या एका पाड्यातले, कुणब्याच्या घरातले. तरुणपणी उल्हासनगरला, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या एक ते पाच नंबरांच्या कॅम्पांत आले, जीन्सच्या कारखान्यात कापड कापायला शिकले, आणि कटिंग मास्टर म्हणून तिथेच सगळी उमर काढली. घरात आमच्याशी मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात सिंधी, आणि गावाकडचं कुणी आलं की गावची बोली. संध्याकाळी घरी आले की दिवसभराचा कॅम्प आमच्यासमोर मांडायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या गाडीवरची चटणी बिघडली, कुणी कुणाला काय सुनावलं. आई हयात होती तेव्हा म्हणायची, यांना जेवायला वाढायचं म्हणजे रेडिओपुढे ताट ठेवायचं.

आता तो रेडिओ बंद होता. घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवायला गेले की अण्णांसाठी ठेवलेल्या कामाच्या मावशी येऊन बसायच्या, मी आले की मी. अण्णा घराबाहेर पडेनासे झाले होते. कुणी भेटायला आलं तर चादर ओढून पडायचे. जेवताना कुणी समोर नको असायचं, कारण आता डाव्या हाताने जेवावं लागायचं.

दिवाळीला दादा आला. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. त्याने नवीन घर घेतलं होतं, लिफ्टचं, जवळ मोठं हॉस्पिटल. तो अण्णांच्या पलंगावर बसला, त्यांचा लुळा हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाला, “अण्णा, आता पुण्याला माझ्याकडे यायचं ना?”

“हो ना,” अण्णा म्हणाले.

दादाचे डोळे भरून आले. माझेही आले. डिसेंबर संपला की गाडी घेऊन येतो, असं सांगून तो गेला. मी त्यांचे कपडे बाजूला काढायला लागले.

मधल्या दिवसांत एकदा लछूकाकांचा फोन आला. लछमनदास हे त्यांचं नाव, पण आम्ही लहानपणापासून लछूकाका म्हणतो. कॅम्प तीनमध्ये त्यांचं चेन, बटणं, दोरे विकायचं दुकान आहे आणि ते राहायला कॅम्प चारला. अण्णांचे सगळ्यात जुने दोस्त. मी त्यांना पुण्याचं सांगितलं.

“बेटा, ले जाने से पहले दो दिन मेरे पास छोड़ उसको,” ते म्हणाले. “शनिवार-इतवार. तू भी आ. घूमेंगे, खाएंगे.”

“काका, ते घराबाहेर पडत नाहीत.”

“मेरे पास आना घर से बाहर पड़ना थोड़ी है.”

बोलण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी विचारलं. त्या तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. म्हणाल्या, “जरूर न्या. घरात सगळे त्यांच्याशी हळू, सावकाश, जपून बोलतात. ते ज्या गोंगाटात बोलायचे तो गोंगाट त्यांच्या कानावर पडू दे.”

शनिवारी सकाळी मी अण्णांना मरून स्वेटर घातला, कानाला मफलर बांधला आणि दारातच रिक्षा बोलावली. त्यांनी आधी चौकट धरून ठेवली होती. “लछूकाकांकडे जायचंय,” म्हटल्यावर हात सैल झाला. चिखलोली मागे पडली, अंबरनाथ मागे पडलं. रस्ताभर ते समोर बघत होते. उल्हासनगरच्या हद्दीत रिक्षा शिरली तशी ती वस्ती दोन्ही बाजूंनी अंगावर आली. दुकानावर दुकान, त्यावर घर, घरावर पत्र्याची खोली, आणि पाटीवर पाटी. अण्णा किंचित पुढे सरकून बसले.

ज्यांनी कॅम्प पाहिला नाही त्यांना तो कसा सांगावा? तिथे रस्ता आणि दुकान यांच्यात हद्द नाही. पापडवाल्याचा पापड फुटपाथवर वाळतो, लोणच्याच्या बरण्या उन्हात बसतात, कापडाचे तागे खांद्यावर घेऊन माणसं आडवी येतात, शेअर रिक्षावाला “चार नंबर, चार नंबर” ओरडत असतो. थंडीतलं कोवळं ऊन गल्लीत एका बाजूलाच पडतं, आणि सगळी गर्दी आपोआप त्या बाजूने चालते. लहानपणी अण्णांचं बोट धरून मी याच उन्हाच्या पट्ट्यातून चालले होते. आता त्यांच्या डाव्या दंडाला माझा हात होता.

काका दुकानाच्या बाहेर उभेच होते. शटर अर्धं ओढलेलं. त्यांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता रडतील. पण ते म्हणाले, “गणू, मूंछ किसने काटी तेरी? एक साइड छोटी है.”

मिशी मीच कापत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो ना.” इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते ‘हो ना’ मला खट्याळ वाटलं.

काकांनी शटर पूर्ण खाली ओढलं. शनिवारी, भर बाजारात. मी म्हटलं, “काका, गिऱ्हाईक?” ते म्हणाले, “रोज आता है गिराक.”

लहानपणी अण्णा न्यायचे ती दाल-पकवानची गाडी कोपऱ्यावर अजून होती. माणूस बदलला होता, पातेलं तेच असावं. मोठ्या थाळीएवढे कुरकुरीत पकवान, वर चण्याची पिवळी डाळ, चिंचेची गोड चटणी, हिरवी चटणी, बारीक चिरलेला कांदा. पकवान दोन्ही हातांनी मोडायचा असतो. मी मनातल्या मनात तयारी करत होते की प्लेट आपल्याकडे घ्यायची, मोडून द्यायची, अण्णांना कसंतरी वाटू न देता. तेवढ्यात गाडीवाल्याने न बघताच विचारलं, “साबुत के तोड़ के?” आणि उत्तराची वाट न बघता चुरून, वर डाळ ओतून, चमचा खोचून प्लेट पुढे केली. पाहिलं तर निम्मी माणसं तशीच खात होती. अण्णा प्लेट भिंतीच्या फळीवर टेकवून तिकडे तोंड करून उभे राहिले आणि डाव्या हाताने चमचा चालवायला लागले. थोड्या वेळाने ते वळले. मिशीला चटणी लागली होती. त्यांनी रिकामी प्लेट गाडीवाल्यापुढे धरली आणि तशीच धरून ठेवली.

“देख, बोल रहा है कि नहीं?” काका म्हणाले. “और एक दे रे.”

मग आम्ही हिंडलो. ते हिंडणं माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं हिंडणं आहे. काका पुढे, अण्णा मध्ये, मी मागे. मिठाईच्या दुकानात काचेमागे थंडीतला सुकामेव्याचा पाक, म्हणजे जाड वडी, थापून ठेवलेला होता. काकांनी त्याचा तुकडा मागून घेतला आणि सरळ अण्णांच्या तोंडात घातला. भाजीच्या गल्लीत कमळकाकडीचे ढीग, चिखल लागलेले. अण्णांनी काठी काखेत धरून एक उचलली, आत चिखल गेला नसावा म्हणून दोन्ही टोकं बंद आहेत का ते पाहिलं आणि काकांच्या पिशवीत टाकली. माणसं भेटत होती. “अरे मास्टर, कितने दिन बाद! तबियत ठीक?” “हो ना.” “घर में सब बढ़िया?” “हो ना.” “अच्छा, आता हूँ कभी.” आणि ते पुढे. मला गंमत वाटली. बाजारात कुणीच कुणाचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत नाही. तिथे अण्णांचे दोन शब्द सहज खपून जात होते. घरी आम्ही त्यांच्या ओठांकडे टक लावून बसायचो, आणि त्या बघण्याचंच त्यांना ओझं होत असेल.

तिथूनच आमची पावलं त्यांच्या जुन्या कारखान्याकडे वळली. ती कुणाची कल्पना होती ते आठवत नाही. अरुंद जिना, वर लांबलचक खोली, शिलाई मशिनांचा एकसारखा घरघराट, आणि निळी धूळ. कापायच्या टेबलावर जीन्सच्या कापडाच्या थरांची गादी मांडलेली. अण्णांनी डावा हात त्या गादीवर ठेवला, आपण ओळखीच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा.

टेबलावर आता उत्तरेकडचा एक मास्टर होता. कधीकाळी अण्णांच्या हाताखाली शिकलेला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मग अगदी आदराने म्हणाला, “मास्टरजी, ज़रा देखो. नया थान आया है. पुराने के साथ लगा दूँ? शेड बराबर है ना?”

अण्णांनी दोन्ही कापडांची टोकं डाव्या हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. मला काही कळत नव्हतं, पण त्यांच्या कपाळावर आठी आली. आणि तोंडातून आलं, “हो ना.”

“बस, फिर तो ठीक है,” तो म्हणाला आणि नवा थान, म्हणजे नवा तागा, गादीवर पसरायला लागला.

“हो ना,” अण्णा जोरात म्हणाले. त्यांनी टेबलावर हात आपटला. “हो ना. हो ना.”

तो हसून म्हणाला, “हाँ हाँ, लगा रहा हूँ.”

तेव्हा मला उमगलं. मी मध्ये पडले. “थांबा भैया. ते नाही म्हणतायत. मत लगाओ.” अण्णांनी नव्या थानाचं टोक ओढून टेबलाखाली सारलं. त्या माणसाने पुन्हा निरखून पाहिलं, कान पकडला, थान बाजूला ठेवला. चूक टळली. पण अण्णांचा चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना. ते काठी टेकत जिन्याकडे निघाले. चहा तसाच राहिला.

कॅम्प चारला काकांच्या घरी पोचल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचं जेवले नाहीत. कमलाकाकींनी, म्हणजे काकांच्या बायकोने, दोनदा ताट आणलं आणि दोनदा परत नेलं. मी गच्चीवर जाऊन बसले. आजूबाजूला सगळ्या गच्च्यांवर थंडीचं वाळवण होतं, कुठे पापड, कुठे गाद्या, कुठे केस वाळवत बसलेल्या बायका. मला कारखान्यातलं ते ‘हो ना’ ऐकू येत होतं, आणि त्याच्यामागून दिवाळीतलं. दादाने विचारलं होतं, अण्णांनी उत्तर दिलं होतं, आम्ही डोळे पुसले होते. त्या उत्तरात काय होतं? पुण्याला त्यांना खरंच जायचं असेलही. नसेलही. विचारायचं कसं? ज्याच्याकडे एकच उत्तर आहे त्याला प्रश्न कसा विचारायचा?

संध्याकाळी खाली आले तर खोलीत मटारच्या शेंगांचा ढीग होता. काकींनी अण्णांना उठवून भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि त्यांच्या पुढ्यात एक ताट सरकवलं होतं. “भाऊ, हात चलाओ ज़रा, मुफ्त का खाना नहीं है,” असं म्हणून त्या स्वतः सोलायला बसल्या. अण्णा अंगठ्याने शेंग दाबत होते, ती फुटली की दाणे ताटात सांडत होते, काही जमिनीवर. कुणी उचलत नव्हतं. काका पेपर वाचत होते. कितीतरी वेळ त्या घरात फक्त शेंगा फुटल्याचा आवाज होता. मग काकींनी गरम बटाट्याचे टुक आणले, दाबून दोनदा तळलेले, वर लाल तिखट आणि आमचूर. ताट सगळ्यांच्या मध्ये ठेवलं. अण्णांनी डाव्या हाताने एक उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला.

रविवारी सकाळपासून घरात बेसन भाजल्याचा वास होता. रविवारी सिंधी घरात कढी-चावल असतो. आपली कढी ताकाची, यांची बेसनाची आणि चिंचेची, आत शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, आणि आदल्या दिवशी अण्णांनी निवडलेली कमळकाकडी. वर कढीपत्त्याची फोडणी, बाजूला भात आणि गोड बुंदी. जमिनीवर चादर अंथरून आम्ही चौघं बसलो. खिडकीतून ऊन थेट ताटांत पडलं होतं.

लछूकाकांना जेवताना गोष्टी सांगायची सवय. त्या दिवशी ते माझ्याकडे वळले. “तेरे को मालूम है, तेरा बाप पहली बार इधर जीमने आया तब क्या किया? ये कमलकाकड़ी देखी. छेद वाली. समझा लकड़ी है. चुपचाप निकाल के थाली के नीचे छुपाया.”

“हो ना,” अण्णा हसले.

“फिर उसी इतवार को हमारी शर्त लगी. कौन ज़्यादा कढ़ी-चावल खाएगा. ये गाँव का जवान, मैं पतला. सब बोले गणू जीतेगा.” काकांनी छाती पुढे काढली. “मगर जीता कौन? मैं.”

“नाही,” अण्णा म्हणाले.

काकींच्या हातातला पळा कढीच्या पातेल्यावर तसाच राहिला. मी घास तोंडात ठेवून बसले. मला वाटलं मला भास झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अण्णांकडेच बघत होते, आणि काहीच घडलं नाही अशा आवाजात म्हणाले, “क्या नहीं? मैं जीता.”

“नाही.”

“अरे, मैं जीता. तू तो उठ भी नहीं पाया था.”

“नाही,” अण्णा म्हणाले. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. “नाही. नाही.”

“जीते तो भाऊ ही थे,” काकी शांतपणे म्हणाल्या आणि अण्णांच्या भातावर कढी वाढली. “ये पैंतालीस साल से झूठ बोल रहा है.”

मग माझा धीर सुटला. मी पदरात तोंड खुपसून रडले. अण्णांना आधी कळेना मला काय झालं. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांचेही डोळे वाहत होते आणि तरी ते घोगऱ्या आवाजात “मैं जीता” म्हणत होते. मग अण्णांच्या लक्षात आलं. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांनी ऐकलं. ते थांबले, ओठ हलवून पाहिले, आणि अगदी हळू, स्वतःशीच पुन्हा तो शब्द म्हणाले.

त्या पैजेत खरंच कोण जिंकलं ते आजही ठरलेलं नाही. काका म्हणतात, बेटा, गणूला बोलतं करायला नव्हतो म्हणालो, खरंच मीच जिंकलो होतो. काकी ऐकत नाहीत. अण्णा तर नाहीच ऐकत.

परतताना आम्ही अंबरनाथला शिवमंदिरापाशी थांबलो. काळ्या दगडावर तिरपं ऊन होतं. अण्णा बाहेरच्या कट्ट्यावर बसले. शेंगदाणेवाला आला, “नाही.” फुगेवाला आला, “नाही.” मी म्हटलं, “अण्णा, निघू या का?” “नाही.” आणि लगेच हसून काठी टेकत उठले. एखाद्या पोराला शिट्टी मिळावी आणि त्याने ती रस्ताभर वाजवावी तसं चाललं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

डिसेंबर संपला तेव्हा ठरल्याप्रमाणे दादा आला. दुपारची वेळ होती. मी त्याला फोनवर मुद्दामच काही बोलले नव्हते. हे त्याने अण्णांकडूनच ऐकायला हवं होतं. त्याने गाडीत मागच्या सीटवर उशा लावून आणल्या होत्या, वाटेत लागेल म्हणून गरम पाण्याचा थर्मास आणला होता. बॅग दाराशी होती. तो अण्णांसमोर वाकला आणि म्हणाला, “चला अण्णा, निघायचं ना पुण्याला?”

“नाही,” अण्णा म्हणाले.

दादा सरळ झाला. माझ्याकडे पाहिलं. मग त्याने खुर्ची ओढून घेतली आणि समोर बसला. तो हुशार आहे, आणि त्याचा जीव आहे अण्णांवर. त्याने सावकाश विचारलं, “चहा घेणार, अण्णा?”

“हो ना.”

“माझ्यावर रागावलाय?”

“नाही.”

“पुण्याला यायचंय?”

अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला. “नाही,” ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात.

दादाने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याला वाईट वाटलं ते लपत नव्हतं. मग तो स्वयंपाकघरात आला आणि माझ्याकडे पाठ करून ग्लासात पाणी भरत म्हणाला, “नंदा, दिवाळीत पण त्यांना हेच म्हणायचं होतं का गं?”

“मला नाही माहीत, दादा,” मी म्हटलं. “त्यांनाच तेव्हा सांगता आलं नसतं.”

“मग मी येत जाईन,” तो म्हणाला. “महिन्यातून एकदा तरी.” तो येतो. आला की अण्णांना घेऊन कॅम्पात जातो, आणि पुण्याला परतताना त्याच्या डिकीत पापड असतात.

त्यानंतर शब्द आले. भराभर नाही आले, आणि रांगेत तर मुळीच नाही. एखादा आठवडाभर यायचा आणि हरवायचा. आधी आले ते खाण्याचे. कढी आली, पाणी आलं, मीठ आलं. उन्हाळ्यात जांभळं आली तेव्हा त्यांनी टोपलीकडे बोट दाखवून “मटार” म्हटलं आणि स्वतःच कपाळाला हात लावला. काही शब्द हिंदीत येतात, काही सिंधीत. दारात कुणी आलं की “अचो” म्हणतात, म्हणजे सिंधीत ‘या’. शेजारच्या वहिनींना आता त्याची सवय झाली आहे. पूर्वीसारखं ते बोलणार नाहीत हे व्यायामाच्या बाईंनी आम्हाला सांगितलं आहे, आणि ते अण्णांनाही ठाऊक आहे. कधीकधी वाक्य अर्ध्यात अडकतं, ते मूठ आवळतात, मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. थोड्या वेळाने तिकडून शब्द येतो, तो बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीचा असतो. त्या दिवशीचं ऊन आठवतं मला अशा वेळी, कॅम्पातल्या गल्लीत एकाच बाजूला पडणारं. माणसं तेवढ्या पट्ट्यातून चालायला शिकतात.

यंदा थंडी लागली तशी त्यांनी नवीनच टूम काढली. आम्ही कुणी सोबत नको. ओळखीचा रिक्षावाला दारातून नेतो आणि काकांच्या दुकानापाशी सोडतो. पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी बाल्कनीतून रिक्षा वळेपर्यंत बघत होते आणि मग घरात नुसतीच फिरत होते. दुपारी कसंबसं पिठलं-भात केला, खाल्ला, ताट घासायला घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. काकांचा नंबर.

“काका, अण्णा बरे आहेत ना?”

पलीकडे बाजाराचा गोंगाट होता. रिक्षांचे हॉर्न, कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. मग श्वास ऐकू आला, तो मी ओळखते. मी थांबले. घाई केली नाही.

“नंदा,” अण्णा म्हणाले. मग पुन्हा तेवढा वेळ गेला. “जेवलीस?”

नळाचं पाणी वाहत होतं, ते मी बंद केलं. इतक्या दिवसांत ते उत्तरं द्यायला शिकले होते. पण त्यांनी स्वतःहून कुणाला काही विचारलं नव्हतं.

“नाही अण्णा,” मी खोटंच सांगितलं. “अजून नाही जेवले.”

“थांब,” ते म्हणाले. “आणतो.”

मी पिठल्याचं भांडं झाकून आत सरकवलं, ताट धुऊन, पुसून अण्णा आणतील त्या जेवणासाठी मांडून ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उन्हात उभी राहिले.